एक बाजू धावदोऱ्याची

पाडव्याला अकरा दिवस उरलेत
आणि चाळीस गुढ्यांची वस्त्रं माझ्या मांडीवर.
साडी नेसवायला आता वेळ कुणाला आहे,
म्हणून निऱ्या मीच आधी घालून ठेवते,
हातभर खणाच्या,
एका टिपेत गप बसणाऱ्या.
सेक्टर पंधराचा दुकानदार नगाला बावीस रुपये देतो.
दोरा माझा.

कोपरखैरणे, माथाडींची वसाहत, तळमजला.
खिडकीशी पायाचं मशीन.
त्याचा पट्टा ऊन तापलं की सैल पडतो,
मग दोन बोटं कापून पुन्हा तार घालायची.
खिडकीबाहेर काटेसावर.

फाल्गुनात ती फुलं टाकते, लाल, जाड.
पडताना थप्प आवाज होतो,
ओलं लुगडं दगडावर आपटल्यासारखा.
अंगावर एक पान नाही आणि हा थाट!
इंदुबाई मानकुमरे म्हणतात, "हिला कुणी बघायला येणार आहे का?"
साळुंक्या येतात. कावळे येतात.
भांडतात, मध पितात, जातात.

चैत्र सरता सरता बोंडं तडकतात
आणि खाडीकडनं वारा सुटला
की कापूस घरात.
बॉबिनच्या खाचेत, डाळीच्या डब्यावर,
कुणाच्या फॉल-पिकोला आलेल्या काळ्या साडीवर तर चक्क चांदणं.
पहिल्या वर्षी मी केरसुणीनं काढला.
दुसऱ्या वर्षी मूठभर हातात राहिला
आणि टाकवेना.

ह्यांचा उजवा खांदा तुम्ही पाहिला नाही.
मार्केटात तीस वर्षं.
आधी शंभराची गोणी, मग पन्नासाची,
आता हापूसच्या पेट्या, रात्री तीनपासून.
घरी येतात ते सदऱ्यात पेंढा घेऊन,
अंगाला पाडाच्या आंब्याचा वास, आणि आंबा एकही नाही.
खांद्यावर घट्टा आहे, सुपारीएवढा.
त्या कुशीवर झोपता येत नाही.
जुन्या जीन्सची चुंबळ मी कितीदा शिवली,
ती ओझ्यासाठी.
झोपेसाठी काही शिवलं नव्हतं.

म्हणून वेचायला लागले.
वरच्या मजल्यावरची ईश्वरी परीक्षा संपली की यायची,
ओढणी पसरून उभी राहायची झाडाखाली.
"काकू, हा पकडायला गेलं की पळतो."
"मग नको पकडू. उभी राहा."
सरकी काढायला बोटं लागतात, घाई चालत नाही,
आणि पंखा बंद ठेवायचा, चैत्रातही.
दोघी घामानं निथळत, नाकात कापूस,
शिंक आली की अर्ध्या तासाची कमाई हवेत.

मधल्या एका वर्षी पालिकेची गाडी आली,
तारांना लागतात म्हणून फांद्या उतरवल्या.
त्या वर्षी उशी उपाशी राहिली.
पिशवीत घालून, कडुनिंबाचा पाला टाकून
मी ती माळ्यावर ठेवली, पापडांशेजारी.

काल भरली.
अभ्रा उरलेल्या तुकड्यांचा:
गुढीचे काठ, शाळेचा निळा, कुणाच्या तरी परकराची नाडीपट्टी.
हे आले, पेंढा झटकला, हातात घेतली
आणि सवयीनं खालीवर करून तोलली.
"किती भरेल?"
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.
तीनशे दहा ग्रॅम.
"हमाली किती घेतलीस?"
मी सुईत दोरा ओवत होते, लागत नव्हता,
म्हणून उत्तर राहिलं.

वळून पाहिलं तर झोपलेले.
उजव्या कुशीवर.
तोंड थोडं उघडं, भुवईवर एक धागा,
माझा की झाडाचा, कळेना.

उशीची तिसरी बाजू पक्की शिवलेली नाही.
नुसता धावदोरा घातलाय, ओढला की निघेल असा.
झाडावर अजून बोंडं आहेत
आणि सकाळपासून वारा पडलेला नाही.